अध्यक्षांच्या आठ्या

“दोन दिवसांत त्या चुन्याचं पितळ उघडं पाडतो का नाही बघा!” असं रेवणसिद्धअप्पांनी चाकूरच्या भर बाजारात, स्वतःच्या सिमेंटच्या दुकानापुढं खुर्ची टाकून जाहीर केलं. ऐकायला पाच जण होते. त्यातले तिघं त्यांचे गिऱ्हाईक, एक दुकानातला हमाल आणि पाचवा पत्ता विचारायला थांबलेला. विरोध अर्थातच कुणी केला नाही. विरोध झाला नाही की अप्पांना तो पाठिंबा वाटायचा आणि पाठिंबा मिळाला की छाती दोन बोटं पुढं यायची. त्या दिवशीही ती आली.

प्रकरण असं होतं की चाकूरपासून दोन कोसांवर गुंजोटवाडी नावाचं अप्पांचं गाव, गावात लिंगायतांचा जुना मठ आणि मठाच्या दुरुस्ती समितीचे अप्पा अध्यक्ष. मठातल्या गादीच्या खोलीचा शंभर वर्षांचा चुन्याचा गिलावा मागच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यातून सुटला. अप्पा म्हणाले, उरलेला खरवडून काढा आणि सिमेंट मारा. समितीचे चिटणीस महादेवप्पा म्हणाले, चुन्याची भिंत चुन्यानंच दुरुस्त करा. महादेवप्पा निवृत्त हेडमास्तर होते आणि हळू आवाजात बोलायचे. हळू बोलणाऱ्या माणसाला काही समजत नसतं, यावर अप्पांचा ठाम विश्वास होता.

तसं पाहिलं तर सिमेंटचा प्रयोग मठात होऊन गेला होता. दोन वर्षांपूर्वी अप्पांनी हट्टानं भोजनशाळेच्या दगडमातीच्या भिंतींना सिमेंट मारून घेतलं. आतली ओल आतच कोंडली. पहिल्या वर्षी भिंतीला फुगवटे आले, दुसऱ्या वर्षी पोपडे सुटले आणि आता पंगतीत भाताबरोबर थोडी भिंतही पानात पडायला लागली होती. अप्पांचं म्हणणं, भिंतच नालायक आहे. सिमेंट कधी चुकत नाही, चुकते ती भिंत.

मठाचे महाराज कमी बोलायचे. त्यांनी दोघांचं भांडण तीन बैठका ऐकलं आणि चौथ्या बैठकीत निकाल दिला. नांदेड जिल्ह्यात इस्लापूरजवळ कुणी चुन्याच्या गिलाव्याचं शिबिर घेतात, तिथं दोघांनी जायचं, दोन दिवस स्वतःच्या हातानं काम करायचं आणि सोमवारी सगळ्या गावापुढं सांगायचं. अध्यक्ष जे म्हणतील ते आपण शेवटी ऐकू, असंही महाराज म्हणाले. पण गावात सगळ्यांना एक गोष्ट न सांगता कळली होती. चुना ठरला, तर अप्पांचं अध्यक्षपद जाणार आणि ते महादेवप्पांकडं येणार.

आता हसायचं ते हसा, पण या माणसाजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. दुकान मुलगा अमरेश बघायचा. घर रत्नम्मा बघायच्या. दुकानापुढच्या खुर्चीवर अप्पा बसायचे ते मुलाला आत अडचण होते म्हणून. दिवसभरात कुणी मान लववून बोललं तर ते “अध्यक्षसाहेब” म्हणून, एवढंच. ती हाक बंद झाली तर आपण नुसते म्हातारे राहू, हे अप्पांना पक्कं माहीत होतं आणि त्याची त्यांना भीती वाटत होती. ती भीती ते कपाळावर तीन खणखणीत आठ्या घालून झाकायचे. आठ्या एवढ्या जुन्या झाल्या होत्या की झोपेतही मोडत नसत.

शनिवारी पहाटे महादेवप्पांच्या गाडीतून तिघं निघाले. तिसऱ्या रत्नम्मा. त्यांना चुन्याशी काही देणंघेणं नव्हतं. इस्लापूरजवळ सहस्रकुंडाचा धबधबा आहे आणि आपण साठी ओलांडली तरी तो पाहिला नाही, एवढ्या एका कारणासाठी त्या आल्या होत्या. पुढची सीट अर्थात अप्पांनी घेतली, अध्यक्ष म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी रत्नम्मांनी विचारलं होतं की विभूती तुमच्या पिशवीत टाकू का. घरात विभूतीची वडी एकच. अप्पा म्हणाले की माझी पिशवी मी भरतो, तू तुझं बघ. त्यांनी मग पिशवीत धोतरं भरली, सिमेंट कंपनीची चार रंगीत माहितीपत्रकं भरली, भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा भरला, वादात लागली तर म्हणून समितीची इतिवृत्ताची वही भरली. विभूतीची वडी देवघरातच राहिली.

शिबिर एका शेतात, मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. चालवणारा अश्वजित नावाचा इंजिनिअर. सरकारी नोकरीत रस्ते करून झाल्यावर याला भिंतींचा नाद लागला होता. शिकवणारी मात्र त्याची आई, पंचफुलाबाई. सासरे चुन्याचे गवंडी, नवरा रामकिशन चुन्याचा गवंडी आणि दोघांच्या हाताखाली काम करत बाई स्वतः गवंडी झालेल्या. कोपरापर्यंत हात पांढुरके, बोलणं मोजकं. भिंतीवरून तळहात असा फिरवायच्या की आजाऱ्याच्या अंगाचा ताप बघतायत असं वाटावं.

शिकायला आलेली मंडळी पुण्याची आणि छत्रपती संभाजीनगरची. आठ जण. सगळ्यांच्या अंगावर मुद्दाम मळकट रंगात विणलेले कपडे, जे मळले तरी कळणार नाहीत आणि नाही मळले तरी मळल्यासारखे दिसतील. शेडच्या मागं चुना मळायची घाणी होती. गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. पूर्वी तिला बैल जुंपायचे. आता हे आठ जण आळीपाळीनं खांदा लावून ती फिरवत होते, शिवाय पुन्हा “किती शांत वाटतंय ना” असं एकमेकांना सांगत होते. ज्या कामातून सुटका व्हावी म्हणून बैलानं देवाला हात जोडले असते, ते काम माणसं फी भरून करतायत, हे बघून अप्पांची करमणूक झाली. यात मात्र आपण अप्पांच्याच बाजूचे.

अश्वजितनं चुन्यात काय काय पडतं ते सांगितलं. वाळू, गुळाचं पाणी, हिरडा, भिजवलेली मेथी, वाटलेले उडीद, तागाचे धागे आणि बेलफळाचा चिकट गर.

“भिंतीला द्यायचंय का बाळंतिणीला?” अप्पांनी मोठ्यानं विचारलं.

आठ जण हसले. महादेवप्पा वहीत लिहीत होते, ते लिहीतच राहिले. पंचफुलाबाईंनी अप्पांच्या हातात थापी दिली आणि भिंतीचा एक कोरा चौकोन दाखवला.

अप्पांनी पहिला थर मारला. तो पडला. दुसरा मारला, तो त्यांच्या पायावर पडला. तिसरा थोडा वेळ राहिला आणि लोक बघायला जमल्यावर पडला. अप्पांनी खिशातून ओळंबा काढून भिंतच वाकडी असल्याचं सिद्ध करायचा प्रयत्न केला. बाईंनी सांगितलं की आधी भिंतीला पाणी पाजा, कोरडी भिंत काही धरत नाही. आता हे सिमेंटलाही तसंच लागतं. पण तीस वर्षं सिमेंट विकलेल्या या माणसानं आयुष्यात एकदाही भिंतीला हात लावला नव्हता आणि ते त्या क्षणी शेडमधल्या प्रत्येकाला समजलं.

अशा वेळी शहाणा माणूस चहा प्यायला जातो. अप्पा भाषण करायला उभे राहिले. चुना म्हणजे गरिबीतला उपाय, सिमेंट नव्हतं म्हणून लोक तो लावत होते, वगैरे. बोलता बोलता गाडी उताराला लागली आणि तोंडून निघून गेलं, “मला चुना शिकवायलाव का? डोळे बांधा आन् हातात काय बी द्या. चुना हाय का न्हाई, ते मी नुसत्या वासावर सांगतो!”

बाईंनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि “हाव” म्हणत होकाराची मान हलवली. अप्पांना तोही पाठिंबाच वाटला.

रविवारी सकाळी अप्पांची आंघोळ झाली आणि पिशवीत हात घातल्यावर त्यांच्या लक्षात आलं की विभूती नाही. आता ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी सांगायचं, तर अप्पा नेमाचे लिंगायत. सकाळी कपाळाला, दंडाला, छातीला विभूतीचे तीन तीन पट्टे ओढायचे, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच तोंडात पाणी. चाळीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. अप्पांच्या बाबतीत मनापासून चांगलं बोलावं अशी ही एक गोष्ट होती आणि नेमकी तीच त्यांना नडली.

रत्नम्मा तोवर पूजा करून, कपाळावर स्वच्छ पट्टे ओढून बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं की मी महादेवप्पांकडून विभूती घेतली, त्यांच्याकडं भरपूर आहे, तुम्ही पण घ्या.

“त्याच्याकडं मागू? उद्या सभेत सांगंल, अध्यक्षाला विभूती मी दिली म्हणून.”

“विभूती काय महादेवप्पांची असती व्हय?” रत्नम्मा म्हणाल्या.

अप्पा खांद्यावर दस्तीचा रुमाल टाकून बाहेर पडले.

पोटात कावळे ओरडत होते. स्वयंपाकाच्या बाजूनं सुशीलाला तुपाची फोडणी बसल्याचा वास येत होता. सुशीला म्हणजे आपल्याकडचा चुरमुऱ्यांचा तिखट नाश्ता; उपाशी माणसाला तो अर्धा मैलावरून हाका मारतो. अप्पा शेडच्या कोपऱ्यापाशी आले आणि थबकले. भिंतीत एक कोनाडा. कोनाड्यात बेलाची ताजी फांदी, त्रिदळासकट. त्या फांदीखाली पळसाच्या पानावर पांढऱ्याशुभ्र, चौकोनी, गुळगुळीत वड्या मांडून ठेवलेल्या.

बेलाची पानं आणि शेजारी पांढरी वडी! आता शंकराचं नाव घेणाऱ्या माणसानं यापुढं काय विचार करायचा? दुसऱ्या कुणालाही तो खडू वाटला असता, कापूर वाटला असता, साबण वाटला असता. अप्पांना ती विभूती वाटली आणि नुसती वाटली नाही, तर ती आपल्यासाठीच ठेवलीय असं वाटलं. महादेवप्पापुढं हात पसरायची वेळ देवानं टाळली, म्हणून त्यांनी डोळे मिटून नमस्कारही केला.

वास मात्र घेतला नाही.

त्यांनी ओली बोटं वडीवर घासली. अशी मऊ, साय उतरावी तशी विभूती त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. कपाळावर तीन पट्टे ओढले. दंडांवर, छातीवर, मानेवर ओढले. महादेवप्पांच्या पट्ट्यांपेक्षा आपले ठळक दिसावेत म्हणून कपाळावर पुन्हा एक हात दिला, मग तिसरा. फांदीची तीन पानं घेऊन त्यांनी तिथंच पूजा केली आणि नाश्त्याला आले ते असे की आठ जणांचे चमचे थांबले.

थोड्या वेळानं कपाळ चुरचुरायला लागलं. दुसरा एखादा असता तर त्यानं धुतलं असतं. अप्पांना वाटलं, ही खऱ्या विभूतीची ताकद. बाजारात मिळते ती भेसळीची, तिला कुठली ऊब? त्यांनी हे शेजारी बसलेल्या पुण्याच्या दाढीवाल्याला समजावून सांगितलं. कपाळाला आतून ऊब लागते, विचार जागच्या जागी थांबतात आणि डोकं हलकं होतं. विचार थांबण्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

दाढीवाल्यानं विचारलं, “अप्पा, आम्हाला पण लावाल का?”

एवढंच व्हायचं राहिलं होतं. काल ज्यांच्यापुढं तीन थर पडले, तीच माणसं आज कपाळ पुढं करून रांगेत उभी! अप्पांनी कोनाड्यातली वडी आणली आणि एकेकाला पट्टे ओढून दिले. प्रत्येकाला सांगितलं की चुरचुरलं तर घाबरू नका, चुरचुरणं म्हणजे गुण येतोय. आठ जणांनी फोटो काढले. एका बाईंनी डोळे मिटून सांगितलं की मला खरंच काहीतरी उघडल्यासारखं वाटतंय. शिकलेल्या माणसाला काहीही वाटू शकतं. रांगेत महादेवप्पा नव्हते, एवढीच अप्पांच्या आनंदात उणीव होती. ते लांबून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मुलानं फळ्यावर गणित चुकीचं सोडवताना हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर असतं ते होतं.

नऊ वाजता पंचफुलाबाई आल्या. कोनाड्यापाशी गेल्या आणि वळून विचारलं की नमुन्याच्या वडीला कुणी हात लावला. मग त्यांची नजर नऊ कपाळांवर पडली.

बाई ओरडल्या नाहीत. “अश्वजित, पाण्याची नळी आन,” एवढंच म्हणाल्या, “आन् कोन चोळू नका रे. चोळलं की कातडं निघंल. आधी कोरडं झटका, मंग पाणी सोडा.”

ती विभूती नव्हती. वस्त्रगाळ केलेला, कापडात बांधून पाणी निथळवलेला चुना होता, वर बेलफळाचा गर घालून घट्ट केलेला. शिबिर संपल्यावर प्रत्येकाला एकेक नमुना द्यायचा म्हणून बाईंनी वड्या थापल्या होत्या. बेलाची फांदी अश्वजितनं फळं तोडून झाल्यावर तिथं टाकली होती, कारण तिथं जागा होती. देवाचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मघापर्यंत आतून उघडलेली माणसं “जळतंय, जळतंय” करत नळीखाली बसली. दाढीवाल्याची दाढी पांढरी होऊन ठिबकत होती. फोटो पुसायला कुणी विसरलं नाही. अप्पा छातीवरून, दंडावरून पाणी घेत होते आणि मधूनमधून सांगत होते की वडीवर चिठ्ठी लावायला पाहिजे होती.

“चिठ्ठी कामून लावू?” बाई म्हणाल्या. “तुमी वासावर वळखता म्हणलं होतं.”

अप्पांनी नळीखाली डोकं घातलं. खाली घातलेलं डोकं त्यांनी बराच वेळ वर काढलं नाही. त्यांना लाज वाटत होती आणि ती पाण्यानं जात नव्हती.

आठ जणांची कपाळं अर्ध्या तासात स्वच्छ निघाली. थोडी लाली, वर खोबरेल तेल, विषय संपला. अप्पांची छाती निघाली, दंड निघाले, मान निघाली. कपाळ मात्र निघेना. पंचफुलाबाईंनी त्यांना उजेडात बसवलं, हनुवटीला धरून तोंड वर केलं आणि अंगठ्यानं कपाळ चाचपलं, भिंत चाचपावी तसंच. आठ्यांच्या तीन खोल घड्यांमध्ये चुना आत जाऊन बसला होता. बाकीच्यांना एक हात दिला होता, अप्पांनी स्वतःला तीन दिले होते, शिवाय पाजायचं तेवढं पाणी आंघोळीनं आधीच पाजून झालं होतं. काम अगदी पद्धतशीर झालं होतं.

“भेगेत शिरला की चुना सोडत न्हाई,” बाई म्हणाल्या. “खरवडू नका. तेल लावा, चार-पाच दिसांत आपसूक झडंल. तवर एकच करा, आठ्या घालू नका. घातल्या की आग होनार.”

दोन मिनिटांत अप्पांनी ते खोटं ठरवायचा प्रयत्न केला. महादेवप्पा जवळ येऊन, लई दुखतंय का, असं हळू आवाजात विचारत होते. अप्पांच्या भुवया सवयीनं जवळ आल्या आणि कपाळात तिखट भरल्यासारखी कळ गेली. भुवया लगेच लांब झाल्या. चेहरा सपाट झाला. तोंडून जे निघायचं होतं ते निघालं नाही आणि निघालं ते असं, “न्हाई. बरं हाय.”

महादेवप्पा चकित झाले. वीस वर्षांत अध्यक्षांनी त्यांना दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं.

दुपारनंतर तिघं धबधब्यावर गेले. रत्नम्मांनी कठड्यापाशी उभं राहून खूप वेळ पाणी बघितलं. दुसऱ्या वेळी अप्पांनी सांगितलं असतं की यात बघण्यासारखं काय आहे, पाणीच तर पडतंय. पण एवढं म्हणायलाही थोडीशी आठी लागतेच. तेही मग पाणी बघत उभे राहिले. रत्नम्मांनी दोनदा वळून त्यांच्याकडं बघितलं, काही दुखतंय का म्हणून. परतीच्या वाटेवर गाडी खड्ड्यात आदळली, टोलवर थांबावं लागलं, महादेवप्पांनी चुकीचं वळण घेतलं आणि अप्पा पुढच्या सीटवर देवळातल्या मूर्तीसारखे बसून होते. आठीशिवाय राग येतच नाही, हे त्यांना वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी समजत होतं आणि ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं.

सोमवारी मठाच्या अंगणात सगळं गाव जमलं. अप्पांनी आदल्या दिवसभर मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. चुना हातात राहत नाही, भिंतीवर थांबत नाही, पाणी लागलं की जातो. मुद्दे बिनतोड होते. अडचण एवढीच होती की कपाळावर तीन पांढऱ्या रेघा होत्या, ज्या रविवार सकाळपासून दोन आंघोळी, अर्धी वाटी खोबरेल आणि धुण्याचा साबण पुरून उरल्या होत्या. लोकांना अर्थातच ती विभूती वाटली. इतकी रेखीव विभूती गावात कुणाची नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी “शरणार्थ अप्पा” म्हणत वाकून नमस्कार केला.

खरं काय ते सभेत फक्त दोघांना माहीत होतं. रत्नम्मा बायकांत बसल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून होत्या. दुसरे महादेवप्पा. त्यांनी उठून एक वाक्य बोललं असतं, तर अप्पांचं अध्यक्षपद तिथंच संपलं असतं. अप्पा त्यांच्याकडं टक लावून बघत होते. महादेवप्पा उठले, त्यांनी वही उघडली, चुना कसा भिजवतात, किती दिवस मुरवतात, भिंत श्वास कशी घेते ते हळू आवाजात सांगितलं आणि विभूतीबद्दल चकार शब्द न काढता खाली बसले.

पण त्यापेक्षा मोठं आश्चर्य लोकांना वेगळंच वाटलं होतं. महादेवप्पा पंधरा मिनिटं बोलले आणि अध्यक्षांनी त्यांना एकदाही अडवलं नाही! हात उडवला नाही, कुत्सित हसले नाहीत. स्वच्छ, शांत कपाळानं ऐकत बसले. मागं कुजबुज सुरू झाली की अप्पांना पटलंय.

ती कुजबुज अप्पांच्या कानावर गेली आणि ते ताडकन उठले. महाराज म्हणाले, “बोला, अध्यक्ष. चुन्याबद्दल तुमचं काय म्हणणं?”

“महाराज,” अप्पा म्हणाले, “चुन्याला माझा…”

पुढचा शब्द विरोध होता. पण तीस वर्षांत अप्पांनी सरळ कपाळानं तो शब्द कधी उच्चारला नव्हता. भुवया आपोआप जवळ आल्या, तिन्ही आठ्या करकचून आवळल्या आणि कपाळात असा जाळ उठला की वाक्य अर्ध्यातच तुटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अप्पांनी दस्ती डोळ्यांना लावली आणि मटकन खाली बसले.

गुंजोटवाडीत कुणी रेवणसिद्धअप्पांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हासुद्धा नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “पाठिंबा म्हनायलेत. भरून आलं त्यायला.” आणि पहिली टाळी पडली. मग सगळ्यांनी वाजवल्या. अप्पा मान हलवून नाही नाही म्हणत होते. लोकांना वाटलं, टाळ्या नको म्हणतायत, केवढा विनय आला माणसात. टाळ्या आणखी वाढल्या.

महाराजांनी हात वर केला. स्वतःचं दुकान सिमेंटचं असून ज्यानं गावापुढं डोळ्यांत पाणी आणून चुन्याला मान दिला, त्याच्याइतका योग्य अध्यक्ष आपल्याला मिळणार नाही, असं ते म्हणाले. अध्यक्ष तेच राहतील. पंचफुलाबाईंना बोलावून घ्यावं, मठात घाणी बसवावी, गादीची खोली झाली की भोजनशाळेचं सिमेंट खरवडून तिथंही चुना करावा आणि हे सगळं अध्यक्षांनी जातीनं उभं राहून करून घ्यावं. घाणीचा पहिला फेराही त्यांच्याच खांद्यानं फिरावा. ठराव महादेवप्पांनी मांडला आणि एकमतानं मंजूर झाला.

अध्यक्षपद राहिलं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते जसंच्या तसं हातात राहिलं आणि त्याबरोबर घाणीचं जोखड खांद्यावर आलं. अप्पांनी ते दोन्ही सपाट कपाळानं स्वीकारलं. दुसरा इलाज नव्हता.

घरी आल्यावर ते पलंगावर बसले. रत्नम्मांनी तेलाची वाटी आणली आणि समोर बसून एकेका घडीत बोटानं हळू तेल भरलं. दोन दिवसांत नवऱ्यानं भाजीला नाव ठेवलं नव्हतं, सुनेवर डाफरला नव्हता, आणि आज दुपारी त्यानं, तू जेवलीस का, असंही विचारलं होतं. हे सगळं रत्नम्मांनी मनात मोजून ठेवलं होतं. मधल्या घडीतला एक पापुद्रा सुटून अलगद त्यांच्या बोटावर आला.

“निघायलाय का?” अप्पांनी आशेनं विचारलं.

रत्नम्मांनी बोट निरखून पाहिलं, अप्पांच्या कपाळाकडं पाहिलं आणि तो पापुद्रा होता तिथं नीट दाबून बसवला.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “अजून लई दिवस लागतील.”